शेवटचं पान आधी

नवं पुस्तक हातात आलं की अक्का ते मागून उघडायच्या. कपाळावरचा चष्मा खाली ओढून शेवटच्या पानावरून बोट फिरवायच्या आणि मान हलवायच्या. "झालं यांचं लग्न. सरी. आता मधे स्वल्प रडले तरी चालतंय."

असं एखादं माणूस तुमच्याही शेजारी असेल. आमच्या अक्कांची सगळी पुस्तकं एकाच जातकुळीची होती. जुन्या काळचं इंग्लंड, रागीट ड्यूक, बिनहुंड्याची पण जिभेने तिखट मुलगी, घोडागाड्या, नाच, गैरसमज आणि शेवटी लग्न.

सर्जापूर रोडवरच्या इमारतीत त्या आमच्या समोर, पुतण्याकडे राहायच्या. घराणं मूळचं मराठी, पण कित्येक पिढ्या बंगळूरची; म्हणून ठीक आहे म्हणताना त्यांच्या तोंडी कानडी 'सरी' यायचं. तिथल्या चिकपेट बाजारात, घरच्या कापडाच्या दुकानात अक्कांचा जन्म गेला. दुकान बंद झाल्यावर पुतण्याने त्यांना इकडे आणलं. मी पुण्याची, आयटीतली. मराठी बोलायला नवऱ्यापलीकडे कुणी नाही, म्हणून शनिवारी दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसायची.

अक्कांचं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं, पण गोष्ट सांगायच्या त्यांच्या मराठीत. लंडनचा नाच म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं. "आपलं हळदीकुंकूच की गं. गड्यांना पण बोलावतात, एवढंच." नायिकेच्या कपड्यांवर मात्र त्यांचा राग होता. त्या थंडीत नुसती मलमल नेसून बागेत फिरतात, घरात कुणी मोठं माणूस आहे की नाही, असं त्या विचारायच्या.

या गोष्टींचा शेवट तर ठरलेलाच असतो, मग आधी बघायचा कशाला, असं मी चिडवायची. एकदा त्यांनी हसत हसतच उत्तर दिलं. त्यांचंही लग्न ठरलं होतं. साखरपुडा झाला, शालू निवडला, सगळे म्हणत होते, होणारच. मग मुलाकडचे काही न सांगता गाव सोडून गेले. "पत्रिका छापायच्या राहिल्या होत्या," अक्का म्हणाल्या. "तेव्हापासून छापलेलं दिसल्याशिवाय मी काही खरं धरत नाही." आणि चहा टाकायला उठल्या.

त्यांच्या कपाटात एकच पुस्तक न वाचलेलं होतं. जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यातून आलेलं, शेवटची पानं फाटलेली. ते त्या वाचायच्या नाहीत आणि टाकूही द्यायच्या नाहीत.

मागच्या वर्षी अक्कांच्या पोटात गाठ निघाली. आजार पसरला होता, उपाय नव्हता. पुतण्याने आम्हा सगळ्यांना बजावलं की त्यांच्यासमोर बोलायचं नाही. त्याचाही जीव तुटत होता. अक्कांना सांगितलं की आतड्याला सूज आहे, गोळ्यांनी उतरेल.

एका शनिवारी त्यांनी मला पलंगाजवळ बसवलं. "शेवट बघितलास काय तू?"

मी होकारार्थी मान हलवली.

"गोड नाही?"

"नाही, अक्का."

त्यांनी कपाटाकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "सरी. ते फाटकं पुस्तक काढ. आता चालतंय."

मी वाचायला लागले. अक्का डोळे मिटून ऐकायच्या. ड्यूकची आत्या आली की म्हणायच्या, ही आमच्या चिकपेटातलीच. मुलगी पावसात भिजली तेव्हा आधी तिची मलमल बदला म्हणाल्या. मला वाटलं, फाटलेल्या पानापर्यंत तरी पोहोचू. पण त्यांचा आवाज हळूहळू क्षीण झाला, मग हसणं बंद झालं, आणि पुढे मी वाचतेय हेही त्यांना कळेनासं झालं. मी तरी वाचत राहिले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

गोष्ट अर्ध्यावर होती. ड्यूक रागावून गावी निघून गेला होता. अचानक अक्कांनी डोळे उघडले आणि विचारलं, "झालं काय गं त्यांचं?"

मी म्हणाले, "झालं, अक्का."

त्यांनी चादरीखालून हात काढून पुढे केला. "कुठं? दाखव."

मी पुस्तक मागून उघडलं. तिथे शिलाईचे दोरे लोंबत होते. अक्कांचा हात बराच वेळ तसाच पुढे होता.

त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. त्याच आठवड्यात गेल्या.

पुस्तक पुतण्याने मला दिलं. फाटलंय तिथपर्यंत मी वाचलं. ड्यूक परत येऊन तिच्या दारात उभा आहे, दार अजून उघडलेलं नाही. माझा नवरा म्हणतो, झालं असणारच त्यांचं लग्न. सगळे तसंच म्हणतात.