दिवसातून चारदा पूजा
कापराचा वास आला की परतूरची एक दुपार आठवते. मानसशास्त्राच्या अभ्यासासाठी मी श्रद्धा आणि स्वभाव यांवरची प्रश्नावली घेऊन घरोघरी हिंडत होते. एका घरच्या काकू दिवसातून चारदा देवापुढं बसायच्या. कापसानं भरलेल्या ओसरीवर बसून मी त्यांना विचारलं, "पूजेमुळं स्वभाव शांत झाला का?" "न्हाई बाई, तापटच हे मी. एकदा रागात बोलले, तर सून माहेरी निघून गेल्ती. तवापासून डोकं तापलं की जल्दी देवापुढं जाऊन बसते." चहा घेऊन आलेली सून हसत म्हणाली, "मंग निरांजन मीच लावून देते." या उत्तराला माझ्या कागदावर रकाना नव्हता, मी ते समासात लिहिलं. आज मी हाच विषय शिकवते, आणि कुणी फार देवदेव करताना दिसलं, की ते माणूस स्वतःतल्या कोणत्या गोष्टीला आवर घालत असेल, याचंच कुतूहल वाटतं.