साडूंना टॅबलेट पसंत पडेना

खरेदी करताना दुकानदाराला रडवणारी माणसं हैदराबादेत पुष्कळ आहेत. पण सोबत आलेल्या माणसालाही रडवणारे मला फक्त माझे साडूच भेटले. छत्री घेताना ते ती दुकानातल्या नळाखाली धरत. पंखा घेताना त्याखाली खुर्ची मागवून पेपर वाचत बसत आणि पानं फार फडफडली की "वारा उद्धट आहे" म्हणून उठत. पूर्वी दुकानात एकच पंखा असायचा, तोवर निभावलं. मग बाजार खुला झाला, एकेका वस्तूचे पाच-पाच प्रकार मांडले जाऊ लागले, आणि माझे रविवार गेले.

साडू एका छापखान्यात लग्नपत्रिकांवरची चित्रं काढायचे. गणपती तर पेन न उचलता, एका रेघेत. नव्वदचं दशक सरता सरता मालकांनी बजावलं, "पुढच्या लग्नसराईपासून चित्रं थेट कॉम्प्युटरवर हवीत. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, दुसरा माणूस बघतो." त्यासाठी हवा होता ग्राफिक्स टॅबलेट: पाटीएवढी काळी फळी, तिच्यावर खास पेनाने रेघ ओढली की ती समोरच्या पडद्यावर उमटते. मला कॉम्प्युटरमधलं कळतं अशा गैरसमजाने साडूंनी मला आबिड्सच्या बाजारातल्या दुकानात नेलं. नोकरी टांगणीला लागलेली. दुसरा कोणी असता तर दोन फळ्या बघून एक उचलली असती. छे!

पहिला टॅबलेट गुळगुळीत. "कागदासारखा खरखरत नाही हो." दुसऱ्याचं पेन हलकं. तिसऱ्यावर त्यांनी गणपतीची सोंड सुरू केली आणि वळण आलं तशी सवयीने फळीच फिरवली. जन्मभर कागद फिरवूनच चित्रं काढलेली. पडदा कसा फिरणार? सोंड कानातून बाहेर पडली.

"वाकडा आहे हा," साडू म्हणाले.

"अहो, तुम्हीच फिरवलात त्याला!" मी ओरडलो.

"चच्चा, लेना है तो लेव, नक्को तो रैने देव," दुकानदार वैतागला. "सुबू से गणपतीच बना रैं आप!"

"हौ मियाँ, बस एकच आखरी."

तो आखरी गणपती पुढच्या रविवारी, त्याच्या पुढच्याही रविवारी चालू राहिला. एकदा मी बायकोला सांगितलं, "तुझ्या बहिणीचा नवरा आला तर मी कुकटपल्लीला गेलोय म्हण." साडू म्हणाले, "येईपर्यंत थांबतो," आणि मी मोरीत तासभर उभा.

शेवटी एका रविवारी ते डावा हात मांडीखाली दाबून बसले. फळी जागची हलली नाही. सोंड सावकाश आत वळली, मोदकापाशी थांबली. "आता द्या बांधून," ते म्हणाले. तोच तिसरा, वाकडा!

अंबरपेठेच्या बसमध्ये मी भडकलो. "हाच घ्यायचा होता तर माझे इतके रविवार का खाल्लेत?"

साडूंनी मांडीवरचं खोकं सारखं केलं. "टॅबलेट तेव्हाच पसंत होता, दादा. मी त्याला पसंत पडतो की नाही, ते कळेना. पन्नाशीत घरी आणून जमलं नसतं, तर पोरींना काय तोंड दाखवलं असतं? दुकानात नापास झालो तर बघायला तुम्ही एकटेच."

त्यांची नोकरी टिकली. मी मात्र ती गोष्ट वर्षानुवर्षं लग्नाकार्यांत रंगवून सांगत राहिलो, नेहमी बसच्या अलीकडेच थांबून. सगळे पोट धरून हसायचे, सगळ्यांत आधी साडू.

आता साडू नाहीत. परवा त्यांच्या धाकट्या मुलीनेच आग्रह केला, "काका, ती बाबांच्या टॅबलेटची गोष्ट सांगा ना." या खेपेला मी बसमधल्या बोलण्यासकट सगळी सांगितली. हसायचं कुठे, ते कुणालाच कळेना. साडू असते तर त्यांनी सुरुवात करून दिली असती.