चकचक वहिनींची अर्धी सासू

पार्लरात बायकांच्या केसांना तकाकी आणून देतात, म्हणून गल्लीने त्यांचं नाव चकचक वहिनी ठेवलं. तकाकी दुसऱ्यांची, खुर्ची मात्र अकरा वर्षं आतली, मोरीजवळची. गिऱ्हाईक खेचते ती खिडकीतली खुर्ची, आणि ती रिकामी झाली! मालकीणबाई म्हणाल्या, "शनिवारी जी सगळ्यांदेखत उत्तम काम दाखवेल, तिची."

स्पर्धेला समोर होती नवीन आलेली पोरगी. तिचा हात हलका आणि जीभ त्याहून चपळ.

असं काम दाखवायची रीत म्हणजे अर्ध्या डोक्याला तकाकीचं औषध लावायचं, अर्धं नुसतं धुवायचं. म्हणजे फरक दिसतो. आता अर्धं डोकं घेऊन घरी जायला कोण तयार होणार? शेजारणींना ऐनवेळी कामं निघाली. उरल्या सासूबाई.

"अर्धंच का गं?"

"तशी रीत आहे, आई."

"माझ्या नशिबी सगळं अर्धंच. चल."

शनिवारी वहिनींनी सासूबाईंचं रुपेरी डोकं धुतलं, मधोमध भांग पाडला आणि भिंतीकडच्या बाजूला औषध चोपडलं. ते धुऊन वर सीरम लावायचं, तेही वाटाण्याएवढं. पण खिडकी दिसत होती ना! वहिनींनी ओंजळभर ओतलं. केस वाळवले, तर ती बाजू गाईने वासराला चाटावं तशी चप्प बसली. दाराकडची, नुसती धुतलेली बाजू मात्र मोकळी झुळझुळत होती.

तेवढ्यात मालकीणबाई गिऱ्हाइकांचा घोळका घेऊन आल्या.

"अगंबाई, ही दाराकडची बाजू! काय चमक आहे!" एक म्हणाली.

"आणि ती भिंतीकडची बघा, बिनऔषधाची. किती तेलकट!" दुसरी म्हणाली.

वहिनींनी तोंड उघडलं, खिडकीकडे पाहिलं आणि मिटलं. "हो ना," त्या म्हणाल्या, "औषधाचाच गुण." उभ्या-उभ्या चौघींनी वहिनींकडे नंबर लावले, नव्या पोरीकडे एकीनेच.

आरशात सासूबाईंचे डोळे बारीक झाले. घोळका पांगल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "सूनबाई, मला कुणी विचारलं तर मी खोटं बोलत नाही हो."

"काय हवंय, आई?"

"ही चिकट बाजू आत्ता धू. आणि दर शनिवारी डोकं धुऊन, वाळवून द्यायचं. तुझ्या त्या खिडकीत बसून."

खुर्ची वहिनींना मिळाली, पण लबाडी काही फुकट पचली नाही. शनिवार म्हणजे गर्दीचा वार. रस्त्यावरच्या बायका काचेला नाक लावून सासूबाईंचे केस बघतात आणि आत शिरतात. सासूबाई प्रत्येकीला सांगतात, "सगळी सुनेची करणी." करणी या शब्दावर वहिनींच्या हातातला कंगवा अडखळतो.

"वहिनी, माझा नंबर कधी?" बाकावरून कुणीतरी विचारतं.

"बसा हो जरा," सासूबाई परस्पर सांगतात, "माझं अजून वाळतंय."