विश म्हणजे मोठी इच्छा

माझ्या बायकोलासुद्धा हे ठाऊक नाही. आणि तिला माझी कुठली दाढ किडलीय, कुठल्या शर्टाच्या खिशाला भोक आहे, सगळं ठाऊक असतं. हे मात्र मी तिलाही कधी सांगितलं नाही. सांगायला निघालो की तोंडातून दुसरंच काहीतरी निघतं – चहा कर म्हणतो, नाहीतर पंखा लाव. तर आज तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, तेवढाच आधार.

मी इंग्रजीचा मास्तर. पिंगळी स्टेशनापासून चार-पाच किलोमीटर आत आमचं गाव, तिथल्या हायस्कुलात एकवीस वर्षं झाली. गावात इंग्रजी म्हटलं की माझ्याकडे बोट. औषधाच्या बाटलीवरचं असो, मोबाइलवरचा मेसेज असो, कुणाच्या टीव्हीचं गॅरंटी कार्ड असो – "सरकडं न्या." आणि सर वाचतात. सर अडखळत नाहीत. अडखळणारा मास्तर कुणाला हवा असतो?

आता खरं सांगू? मी अडखळायचो. पण मनात. आणि जिथं अडखळायचो तिथं जोरात वाचायचो.

विश आणि होप या दोन शब्दांचं तेच झालं. पुस्तकात एक छोटा धडा असायचा – झालेल्या गोष्टीची हळहळ कशी बोलायची आणि पुढची आशा कशी बोलायची. परीक्षेत त्याला एखादा मार्क. मी तो धडा दहा मिनिटांत उरकायचो. मुलांना लक्षात राहावं म्हणून माझी स्वतःची एक युक्ती होती: विश म्हणजे मोठी इच्छा, होप म्हणजे छोटी इच्छा. बस्स. मुलं खूश, मी खूश. विशच्या पुढं ते 'हॅड' आणि 'कुड' का येतात, असं कुणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

नामदेवराव आमच्याच गावचे. दिवाळी झाली की नवरा-बायको दोघं ऊसतोडीला जाणार, उन्हाळ्यात परत येणार, मग आपल्या दोन एकरांत राबणार. त्यांची रेखा माझी विद्यार्थिनी – हुशार, आणि हट्टी. परभणीला राहून नर्सिंग केलं. तिथं तिची जिवाची मैत्रीण म्हणजे सेलूची सुनीता. एकाच खोलीत राहायच्या, एकाच ताटात जेवायच्या. दोघींनी पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात अर्ज टाकला, मुलाखत दिली.

त्या दिवाळीत सुनीता घरी सेलूला गेलेली आणि रेखा परभणीतच ड्युटीवर. तिला मेल आला. सहा वर्षं झाली त्याला. तिनं तो मला व्हॉट्सअॅपवर पाठवला – "सर, मला अर्धवट कळतंय. बाबा येतील, त्यांना नीट सांगा." आणि नामदेवराव आलेच. शाळेच्या मैदानातल्या लिंबाखाली टोपी काढून उभे. चार दिवसांत ते तोडीला निघणार होते. आजूबाजूला कुणी नव्हतं. हे लक्षात ठेवा – तिथं आम्ही दोघंच होतो.

मेल चार ओळींचा. पहिली ओळ – थँक यू फॉर युवर इंटरेस्ट. मी म्हणालो, त्यांना रेखात इंटरेस्ट आहे. नामदेवरावांनी मान हलवली. पुढं – वुई विश वुई कुड ऑफर यू अ पोझिशन धिस इयर. म्हणालो, बघा, विश! मोठी इच्छा! यंदाच रेखाला जागा द्यायची त्यांची मोठी इच्छा आहे. आणि शेवटी – वुई होप यू विल अप्लाय अगेन नेक्स्ट इयर. इथं मी जरा अडखळलो. मनात. मग जोरात म्हणालो, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज द्यावा लागतो, काँट्रॅक्टचं तसंच असतं.

"म्हंजी लागली?" नामदेवरावांनी विचारलं.

"लागली."

हा शब्द मी उच्चारला. 'लागली.' तीन अक्षरं. नामदेवराव टोपी घालायची विसरले आणि हातात घेऊनच पळत सुटले. पन्नाशीचा माणूस शाळेच्या फाटकातून पोरासारखा पळत गेला. संध्याकाळी रेखाचा मेसेज आला – थँक्यू सर. मी अंगठा पाठवला.

सुनीतालाही मेल आला होता, तिचा मात्र खरोखर निवड झाल्याचा. दोघी पोरी परभणीहून एकाच गाडीत बसून पुण्याला गेल्या. नोकरी लागलेल्या दोन मैत्रिणी गाडीत एकमेकींचे मेल कशाला तपासतील? दोघींचे आई-बाप स्टेशनवर आले होते. नामदेवरावांनी त्यासाठी तोडीला जाणं दोन दिवस लांबवलं. सुनीताची आई रेखालाही डबा घेऊन आली होती म्हणे.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास रेखाचा फोन. मी नववीच्या वर्गात होतो.

"सर, यादीत माझं नावच न्हाई म्हणायल्यात. सुनीताचं हाय."

मी व्हरांड्यात आलो. मेल पुन्हा उघडला. या खेपेला सावकाश वाचला. मग स्टाफरूममध्ये जाऊन व्याकरणाचं पुस्तक काढलं – धूळ झटकून, हो – आणि तो दहा मिनिटांचा धडा पहिल्यांदा नीट वाचला. विशच्या पुढं भूतकाळ आला की ती गोष्ट घडलेली नसते, घडणारही नसते. देता आलं असतं तर बरं झालं असतं – म्हणजे देता येत नाही. सभ्य माणसांचा सभ्य नकार. आपल्या मराठीत साधं 'असतं' आहे त्याला! 'आलो असतो' म्हणणारा माणूस येणार नाही, हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि मी मास्तर.

तिला परत फोन लावला. तेव्हा सांगता आलं असतं. 'बाई, मी चुकीचं वाचलं.' एवढंच. किती सेकंद लागले असते? पण मी म्हणालो, "काय सांगावं बाई... ऐनवेळी नाव काढलं असेल. वशिल्याची कामं असतात."

ती म्हणाली, "सुनीताचा मामा पुण्यातच हाय सर."

आणि मी काही बोललो नाही.

हे न बोलणं मी सहा वर्षं सांभाळलं. रेखा हट्टी, ती परत आली नाही. पुण्यातच एका लहान दवाखान्यात लागली, मग त्याहून बऱ्या दवाखान्यात, मग परीक्षा देऊन परभणीतच सरकारी नर्स झाली. तिचं बरंच झालं म्हणा ना. पण सुनीताशी ती एक शब्द बोलली नाही. सुनीताच्या लग्नाची पत्रिका आली, ही गेली नाही. सुनीताला बिचारीला कळेना की आपलं चुकलं काय. सेलूहून एकदा तिची आई नामदेवरावांच्या दारात येऊन गेली, पाणीसुद्धा न घेता परतली. मी तेव्हा समोरच्या दुकानात बसलो होतो. पेपर वाचत होतो. पेपर मराठी होता, तरी एक ओळ कळली नाही.

एक मात्र झालं. त्या दिवसापासून विश-होपचा धडा मी चार दिवस शिकवतो. फळा भरून. पोरं घरी जाऊन म्हणतात, सरचं विश लय भारी. तालुक्याच्या शिक्षकांच्या शिबिरात मला त्यावर बोलायला उभं केलं होतं. टाळ्या पडल्या. मी टाळ्या घेतल्या.

तुम्हाला वाटेल, कबुली ही एवढीच. मलाही काही दिवसांपूर्वीपर्यंत तसंच वाटत होतं.

या उन्हाळ्यात रेखाला कुठलंसं जुनं प्रमाणपत्र हवं होतं, म्हणून ती मेल शोधत बसली. शोधता शोधता तो चार ओळींचा मेल सापडला. आता तिचं इंग्रजी चांगलं आहे. तिनं वाचला, परत वाचला, आणि तिथल्या तिथं सुनीताला फोन लावला. म्हणे दोघी आधी रडल्या आणि मग इतक्या हसल्या की रेखाच्या वॉर्डातले पेशंट उठून बसले. त्या रविवारी सुनीता आपल्या लहान मुलीला घेऊन सेलूहून गावात आली. आणि मला चहाला निरोप – "सर, या की. मज्जा दाखवायचीय."

गेलो. अंगणात बाजेवर दोघी, नामदेवराव खाली घोंगडीवर, कौसाबाई, म्हणजे रेखाची आई, दारात. रेखानं मेल मोठ्यानं वाचला आणि मराठीत अर्थ सांगितला.

नामदेवराव ऐकत होते. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. नुसतं कोडं पडल्यासारखं. "पर सर तर मला म्हनले हुते का लागली म्हनून..."

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. आणि मी हसलो. हसून म्हणालो, "नामदेवराव, मी म्हणालो होतो – द्यायची इच्छा आहे, पण जागा नाही. तुम्ही इच्छा ऐकली आणि टोपी हातात घेऊन पळालात! पुढचं ऐकायला थांबलात कुठं?"

किती सफाईनं आलं ते! टोपीसकट. खोट्यात मी टोपी खरी घातली.

नामदेवरावांनी कपाळावर हात मारला आणि मोठ्यानं हसले. "आसंल, आसंल! सर कशाला चुकतेत? पळालो हुतो खरं. माझ्याच कानानं घात केला की ओ!"

"तुमाला कवा धड ऐकू आलंय?" दारातून कौसाबाई. सुनीता हसून हसून वाकली. रेखाही हसली, पण हसता हसता तिनं एकदा माझ्याकडं बघितलं – तिला तो अंगठा, फोनवरचं माझं 'वशिल्याची कामं' आठवलं असेल का? ठाऊक नाही. तिनं चहा पुढं केला. मी प्यालो.

आता सगळं छान आहे. दोघी मैत्रिणी दर आठवड्याला बोलतात. सुनीताच्या पोरीला रेखामावशीशिवाय चालत नाही. आणि नामदेवराव गावभर स्वतःचीच गंमत सांगत फिरतात. पारावर, पिंगळीच्या बाजारात, एस्टीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा. "विश आलं का समजायचं, काम न्हाई झालं. मला इचारा!" लोक हसतात. नामदेवराव सांगतात रंगवून, टोपी काढून, पळायची नक्कल करून. मी समोर असलो तर म्हणतात, "इचारा सरला." आणि मी मान हलवतो. हो म्हणतो. हसतोसुद्धा – आणि खरं सांगतो, हसू येतंच, इतकं ते छान सांगतात.

पण गेल्या महिन्यात बघितलं, फोन वाजला की ते कौसाबाईंच्या हातात देतात. "तूच ऐक बाई, माझ्या कानाचं काय खरं न्हाई." शेताच्या पाण्याची पाळी कुणाची, पाणी कधी सोडायचं, असलं काही ठरवायचं असलं की दुसऱ्याला दोनदा विचारतात. रेखाला काळजी वाटली. तिनं त्यांना परभणीला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. मी त्या दिवशी परभणीलाच होतो, दवाखान्याबाहेर भेटलो. डॉक्टरनं यंत्र लावून तपासलं. कान एकदम ठणठणीत, म्हणाला, तिशीतल्या माणसासारखे.

रेखाला आनंद झाला. नामदेवराव मात्र पायरीवर बसून जरा विचारात पडले. मग माझ्याकडं बघून हसले आणि बोटानं डोकं दाखवलं. "मग हितंच काईतरी बिघाड आसंल, सर."

मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. आम्ही दोघंच. रेखा औषधाच्या दुकानात होती. मी म्हणालो, "चला, रस पिऊ." आम्ही रस प्यालो. त्यांनी अर्धा ग्लास मला दिला.

आता सांगतो, नामदेवराव. त्या दिवशी लिंबाखाली तुम्ही विचारलं, "लागली?" आणि मी म्हणालो, "लागली." तुम्ही तेच ऐकलं. एक अक्षर इकडचं तिकडं नाही. तुमचे कान चांगले आहेत. तुमचं डोकं चांगलं आहे. मेल मी चुकीचा वाचला, तुमच्या अंगणात खोटं मी बोललो, आणि दवाखान्याच्या पायरीवर गप्प बसलो तोही मीच.