पटाशीला पाय

"पायाने धरते, वहिनी. हत्यार पायाने धरते. मागच्या गॅलरीतून मी स्वतः बघितलं."

आत्या आईला सांगत होती. दोघी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि मी आतल्या खोलीत, दारापासून दोन हातांवर. सुपाचा आवाज तेवढा येत राहिला. मग आत्याने आवाज थोडा चढवला, म्हणजे तो माझ्यासाठीच होता. मडमांच्या शाळेत घातलीत तेव्हाच मी म्हटलं होतं, ती म्हणाली.

मी बाहेर गेले नाही. त्या वयात मी कुठेच बाहेर जाऊन काही बोलत नसे. शाळेत माझ्या इंग्रजीला मुली हसायच्या आणि घरी माझ्या मराठीला चुलतभावंडं, तेव्हा गप्प राहणं मला सोयीचं वाटू लागलं होतं. लोक मला शांत म्हणत. मी शांत नव्हते. मी फक्त बघत असे.

आत्याने बघितलं ते खरंच होतं. आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगमागे मोकळ्या जागेत एक पत्र्याची शेड होती आणि तिथे सावंतवाडीकडचे एक कातारी काका आणि त्यांची बायको काम करत. लाकूड फिरवून त्याला आकार द्यायचा, हे कातकाम. पूर्वी ते खेळणी आणि पाट-पोळपाट करायचे, पण त्या दिवसांत त्यांचं मुख्य काम म्हणजे बाटल्यांची बुचं. मुलुंडचे एक वैद्य स्वतःची औषधं बनवून विकत आणि काढ्याच्या, तेलाच्या बाटल्यांना लाकडी बुचं लावत. दारूबंदी होती, त्यामुळे शेडबाहेर बाटल्यांची पोती दिसली की येणारेजाणारे डोळे मिचकावत. काकी त्यांना म्हणायची, "पिवन बघा, कडू किराईत आसा."

मी पहिल्यांदा तिथे गेले ते आईच्या गुलाबपाण्याच्या बाटलीचं काचेचं बुच फुटलं म्हणून. काकांनी माझ्यासमोरच लाकडाचं करून दिलं. शिवणीच्या लाकडाचा तुकडा दोन लोखंडी टोकांमध्ये अडकवला, त्याला चामड्याची दोरी गुंडाळली. काकी ती दोरी दोन्ही हातांनी पुढेमागे ओढू लागली, तुकडा गरगर फिरू लागला आणि काकांनी जमिनीवर बसूनच त्याला पटाशी लावली. कांद्याची साल निघावी तसं लाकूड निघालं. शेवटी फिरत्या बुचावर लाखेची लाल कांडी दाबली, ती वितळून चढली. मी बाटली घेऊन घरी आले आणि दुसऱ्या दिवशी काहीही काम नसताना पुन्हा गेले.

इंटरची परीक्षा देऊन मी घरी बसले होते. काकीचा खांदा दुखायचा. एक दिवस मी दोरी मागितली, तिने दिली. दोन महिने मी दोरी ओढली. घरात कुणाची हरकत नव्हती. एका दुखणाईत बाईला मुलगी मदत करते, हे सांगायला बरं दिसतं. पण माझी नजर पटाशीवर होती. मी विचारलं तेव्हा काका ओशाळले. त्यांच्याकडे दोरी बाईची आणि पटाशी पुरुषाची, असंच चालत आलं होतं. काकीने वीस वर्षं दोरी ओढली होती, पण पटाशी फक्त उचलून ठेवण्यापुरती हातात घेतली होती. काका नाही म्हणायच्या आत तीच मध्ये पडली. "शिकव तिका," ती नवऱ्याला म्हणाली. "दोरी मी ओढतंय. खांदो दुखलो तर औषधाची काळजी कशाक, वैद्याच्याच बाटल्यो आसत."

मग मी जी चूक केली ती शिकलेल्या मुलीचीच चूक होती. वाचनालयातून एक इंग्रजी पुस्तक आणलं. त्यात टाय लावलेला एक गृहस्थ उभ्याने लाकूड कातत होता आणि नवशिक्याने कोणती हत्यारं घ्यावीत याची दीड पानभर यादी होती. वाढदिवसाला मिळालेले पैसे घेऊन मी शहरात हत्यारांच्या बाजारात गेले आणि सहा पटाश्यांची एक चकचकीत पेटी घेऊन आले. प्रत्येकीची मूठ वीतभर, पिवळ्या वॉर्निशची. दुकानदाराने मला "मेमसाब" म्हटलं, तेव्हाच शंका यायला हवी होती.

काकांनी पेटी उघडली, एक एक पटाशी अंगठ्यावर घासून बघितली आणि पेटी बंद केली. मला लावून बघू दिली. तिसऱ्या फेऱ्याला पातं लाकडात रुतलं, मूठ उलटून माझ्या बोटांवर बसली आणि तुकडा उडून काकीच्या पदरात पडला. तेव्हा काका म्हणाले की ही सुताराची पटाशी आहे, हातोडीने मारायची. फिरतं लाकूड हत्याराला ढकलतं, ते ढकलणं पेलायला मूठ लांब लागते. हत्याराची मूठ माझ्या कोपरापासून बंद मुठीपर्यंत भरायला हवी. त्यांनी दोरीने माझा हात मोजला. नव्याला तीनच हत्यारं पुरतात, ते म्हणाले: ओबडधोबड काढायला गोल, गुळगुळीत करायला तिरकी, आणि कापून वेगळं करायला अरुंद. बाकीची नंतर, हाताने मागितली तर.

पाती लोहाराने जुन्या कानशींची करून दिली. मुठी मी स्वतः कातल्या, काकांच्या पटाशीने. माझा हात त्यांच्यापेक्षा बारीक, म्हणून मुठीही बारीक. त्या तीन पटाश्या कुणाही दुकानात मिळाल्या नसत्या. पेटीतल्या सहा मी काकांच्या सुतार भाच्याला दिल्या. यादीचं पुस्तक मात्र मुदतीत परत केलं.

आता पायाची गोष्ट. आपल्याकडे बसून काततात. एक हात मुठीवर, दुसरा पात्याच्या मध्यावर, आणि पातं ज्या आडव्या सळईवर टेकतं तिच्यावरून सरकू नये म्हणून डाव्या पायाचा अंगठा त्याला टेकवून ठेवायचा. अंगठा नसला तर बारीक काम होतच नाही. आणि मी अशा घरात वाढलेली, जिथे वर्तमानपत्राच्या कागदाला पाय लागला तरी तो हाताने शिवून कपाळाला लावायचा. पाय पटाशीला लागला की माझा हात आपोआप सुटायचा, पात्याला शिवायचा आणि कपाळाकडे जायचा. इकडे लाकूड फिरतच असायचं. कितीतरी बुचं मी नमस्कार करता करता वाया घालवली. काकी दोरी थांबवून हसत बसायची. शेवटी काका वैतागले. "अगो चेडवा, वर्षाचो नमस्कार आमी दसऱ्याक एकदमच करून टाकतंव. आता पाय ठेव."

मी पाय ठेवला. तो तिथे राहायला तीन आठवडे लागले. ज्या दिवशी मला पाय आठवला नाही, त्या दिवशी पहिलं नीट बुच निघालं. बाटलीच्या गळ्यात बसवून, पिळून, बुचाच्या वरच्या गोळ्याला धरून बाटली उचलली तरी ते सुटलं नाही. पाण्याने भरून उलटी केली, थेंब आला नाही. काकांनी ते वैद्यांच्या पोत्यात टाकलं, दुसऱ्या बुचांसारखंच. मला एवढा आनंद कुठल्याही परीक्षेच्या निकालाने दिला नव्हता.

आणि हेच आत्याने गॅलरीतून बघितलं होतं. साडी पोटरीपर्यंत खोचलेली, बांगड्या कोपरावर चढवलेल्या, आणि पाय हत्याराला.

ती पाहुणी होती, पण बाबांची बहीण होती. रात्री जेवताना तिने विषय काढला. बाबा सरकारी कचेरीत होते, कुठल्याही कागदावर लगेच सही करत नसत. ते म्हणाले की रविवारी स्वतः जाऊन बघतो आणि मग ठरवू. ठरवू म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं होतं. त्यांना आवडलं नाही तर शेड बंद आणि मी पुन्हा खिडकीत.

शनिवारी आई माझ्याजवळ येऊन बसली. ती भांडायला आली नव्हती. उद्या नुसती दोरी ओढ, ती म्हणाली. एकच दिवस. बाबा बघतील, काही वावगं नाही म्हणतील, मग तुझं तू चालू ठेव. तिने काकांनाही हे सांगून ठेवलं होतं आणि त्यांनी मान्य केलं होतं. माझ्या भल्यासाठी सगळ्यांनी मिळून एक छोटंसं खोटं तयार केलं होतं. त्यात मला फक्त गप्प राहायचं होतं, आणि ते मला उत्तम जमतं अशी सगळ्यांची खात्री होती.

रविवारी मी दोरी ओढली. काका माझ्या जागी, म्हणजे त्यांच्याच जागी, बसून कातत होते. काकी भिंतीला टेकून रिकामी बसली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. बाबा कडक इस्त्रीच्या शर्टात दाराशी उभे होते. त्यांना एक पाट दिला तरी बसले नाहीत. तेवढ्यात मुलुंडचे वैद्य आले. ते नेहमी रविवारीच येत, पण आईच्या बेतात ते कुणी धरलेच नव्हते. त्यांनी पोत्यात हात घातला, चारपाच बुचं काढली, एक बाटलीत बसवलं, गोळ्याला धरून बाटली हवेत झुलवली. समाधानाने मान हलवली. मग बाबांशी ओळख झाल्यावर ते म्हणाले की गेल्या दोनतीन खेपांपासून बुचांची मान फार सुबक येते आहे, बारीक आणि घट्ट. कातारी, हात बदलला का तुमचा?

काकांनी वर बघितलं नाही. "माझोच हात," ते म्हणाले.

बाबांचा चेहरा मोकळा झाला. मला तो मोकळा झालेला चेहरा अजून आठवतो, कारण तो मला आवडत असे आणि त्या क्षणी मी त्याच्याविरुद्ध होते. ते वैद्यांना म्हणाले, "आमची मुलगी इथे येते ना, दोरी ओढायला. नुसती मदत म्हणून. घरच्यांना उगीच काळजी." वैद्य हसले. मदत करावी, चांगलं आहे, म्हणाले. बाबा निघायला वळले. सगळं आईने ठरवलं होतं तसं झालं होतं. उद्यापासून मी पुन्हा येऊ शकत होते, गॅलरीकडे पाठ करून, लपून. पुढच्या खेपेलाही वैद्य विचारतील आणि काका तेच उत्तर देतील. आणि हळूहळू तेच खरं होईल. काकीच्या वीस वर्षांचं काय झालं होतं ते माझ्यासमोर भिंतीला टेकून बसलं होतं.

माझ्या हातातली दोरी थांबली. लाकूड दोन गिरक्या घेऊन थांबलं. काकांनी आता वर बघितलं. मी उठले, फळीवरून माझी तिरकी पटाशी काढली, बांगड्या वर सारल्या. साडी खोचताना बाबांनी नजर दुसरीकडे वळवली, तरी मी खोचली. काकांच्या समोर जाऊन उभी राहिले. ते एक क्षण बसूनच राहिले. मग बाजूला सरकले आणि मी त्यांच्या जागी बसले. डावा पाय पुढे घेतला, अंगठा पात्यावर ठेवला. चार माणसं माझ्या पायाकडे बघत होती, आणि मला वाटलं होतं तेवढं ते अवघड नव्हतं.

"काकी, दोरी घ्या," मी म्हणाले. "बाबांना बघू दे."