बाकावरचा डावखुरा

श्रीरामपुरात इंटरनेट नुकतंच आलं होतं, तेव्हा मी एका निवृत्त शिक्षिकेच्या कॅफेत तीन कॉम्प्युटर सांभाळायचो. घर तिकडं लांब, चंद्रपूरकडं. नववीत शाळा सुटलेली. बाई (सगळं गाव त्यांना बाईच म्हणायचं) दर आठवड्याला विचारायच्या, "सतरा नंबरचा फॉर्म भरलास का?" शाळा सोडलेल्यांना बाहेरून दहावीला बसायचं तर हा फॉर्म लागतो. मुदतीला दोन महिने होते. मी म्हणायचो, "भरतो जी." पण नापास झालो तर बाईंना काय तोंड दाखवू, या विचारानं पुढं ढकलायचो.

बाईंचा मुलगा अमेरिकेत. आईनं रोज ईमेल करावा म्हणून त्यानं त्यांना तिथल्या बेसबॉलच्या एका खेळात ओढलेलं. सगळं पडद्यावरच. संघ आपण लावायचा, सामने कॉम्प्युटर खेळवणार, सकाळी निकाल वाचायचा. बाईंना क्रिकेट कळायचं. मला तेवढंही नाही.

मोसमाआधी नव्या पोरांची यादी आली. प्रत्येक संघानं पाळीपाळीनं एकेक उचलायचा. पोराच्या नावापुढं दोन आकडे: आज किती येतं आणि पुढं किती येऊ शकेल. मी पंचविशीतला, आजच बरा असलेला एक दाखवला.

"हा आहे तेवढाच राहणार," बाई म्हणाल्या. "तो अठरा वर्षांचा डावखुरा गोलंदाज बघ."

"त्याला तर काहीच येत नाही जी."

"पहिलीतल्या पोराला काय येतं रे?"

घेतला डावखुरा. पण रोज संघ लावायचं काम माझ्याकडं. तो चुकेल, आपण हरू, लेकासमोर बाईंची शोभा होईल, म्हणून मी त्याला महिनाभर बाकावरच बसवला. शेजारचा टेम्पोवाला चहा घेऊन डोकवायचा. "आरं, त्याला लोणच्यावानी मुरत ठिवलाय व्हय?"

महिन्यानं नवे आकडे आले. डावखुऱ्याचा आजचा आकडा होता तिथंच, पुढचा मात्र सहानं खाली. मला वाटलं, कॉम्प्युटर चुकला. बाईंनी मुलाला विचारलं. उत्तर आलं, ते त्यांनी मोठ्यानं वाचलं: "आई, खेळवलं नाही तर तो आकडा उतरत जातो."

वाचून त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याला उतरवला. नऊ धावा दिल्या पठ्ठ्यानं. हरलो. पुन्हा उतरवला, पुन्हा हरलो. तिसऱ्यांदाही हरलोच, पण त्या दिवशी त्यानं दोनच दिल्या. मी तो निकाल तीनदा वाचला.

महिनाअखेरचे आकडे यायची वाट मी पाहिली नाही. दुपारी दोन तासांची सुट्टी मागून शाळेत फॉर्म भरायला गेलो. कारकुनानं चष्म्यावरून बघत विचारलं, "पत्ता कुठला लिहू? गावचा का इथला?"

गावचा लिहिला असता तर निकाल तिकडंच गेला असता, काय लागला ते इथं कुणाला कळलं नसतं. तेवढी पळवाट होती.

"इथला लिहा जी," मी म्हणालो, आणि न विचारताच बाईंच्या घराचा पत्ता सांगितला.