सुई, शेपूट आणि रिपोर्ट

चंद्रपुरातल्या आमच्या प्राण्यांच्या दवाखान्यात रक्त-लघवी तपासायचं काम माझ्याकडे आहे. तपासलेले नमुने मी वेळच्या वेळी फेकतो. किस्से मात्र फेकवत नाहीत! बायको म्हणते, "घरी तरी माणसांचं बोला." आता हिला काय सांगू, सगळे माणसांचेच तर आहेत!

*

फॉर्मवर जनावराचं वय लिहावं लागतं. सावलीकडचे एक भाऊ मांजर घेऊन आले.

"वय?"

"वाघानं आमची कालवड नेली नं, त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली हाये."

"भाऊ, आकडा सांगा."

भाऊ चिडले. "मले काऊन विचारता? कालवडीचा पंचनामा झाला होता. त्यात पाहून घ्या!"

*

भद्रावतीच्या एका बाईंचा लॅब्रेडॉर. साखर तपासायची म्हणून आमच्या डॉक्टर मॅडमनी त्याला बारा तास उपाशी ठेवायला सांगितलं. सकाळी अख्खं कुटुंब हजर, चौघांचीही तोंडं उतरलेली.

"तुम्हाला काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"त्याच्या समोर कसं जेवाचं, मॅडम? कोणीच नाई जेवलो."

कुत्र्याची साखर नॉर्मल निघाली. चक्कर बाईंना आली!

*

मॅडम अ‍ॅक्युपंक्चर शिकून आल्या. पहिला पेशंट म्हणजे पाठ धरलेला म्हातारा कुत्रा. त्याच्या पाठीत बारीक सुया टोचल्या आणि वीस मिनिटं तसंच बसायचं. कुत्रा चक्क घोरायला लागला. मालकीण आजी मात्र बेचैन. शेवटी उठून माझ्या कानाशी आल्या.

"बाबू, पोरगी नवीन हाये, तिले रागावू नको. पण सुया टोचल्या अन् औषध भराचं विसरली पाहा!"

*

दुसऱ्या एका कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडलेले. मॅडम म्हणाल्या, "रोज अर्धा तास छातीभर पाण्यात चालवा. औषधाबरोबर हा व्यायामही हवा." शहरात यासाठी मशीन असते. आमच्याकडे गावतळं! मालक महिनाभर कुत्र्याला धरून तळ्यात चालले. परत आले तेव्हा कुत्रा थोडा सुधारला होता.

"त्याचं होईन हळूहळू," मालक खुशीत म्हणाले. "माहे गुडघे पाहा नं, मॅडम! एकदम फर्स्ट क्लास!"

*

आणि हा चामोर्शीकडचा. हा सांगताना मला अजूनही भरून येतं.

लक्ष्मणभाऊ म्हणून एकटा राहणारा माणूस. त्यांचा कुत्रा शेऱ्या. मोहफुलं वेचायला जाताना शेऱ्या पुढे चालायचा, भाऊ मागे. त्याला गोचिडांचा ताप आला. रिपोर्ट मीच काढला. अंगात रक्त उरलंच नव्हतं, हिरड्या पांढऱ्याफटक. मॅडम म्हणाल्या, "आज दुसऱ्या कुत्र्याचं रक्त मिळालं तरच वाचेल."

भाऊंनी गावात फोन केला. दुपारी जीप आली, जीपमध्ये सहा कुत्री, मालकांसकट! मी सगळी तपासली. चौघांना तोच ताप, पाचवं हाडकुळं. सहावा वाघ्या, धडधाकट. त्याचं रक्त जुळलं.

वाघ्याचा मालक गणपतभाऊ. दोघांची शेतं लागून. मधला धुरा, म्हणजे बांध, कोणीतरी हातभर सरकवला, कोणी ते देवाला ठाऊक. तेव्हापासून अकरा वर्षं दोघांत बोलणं बंद.

मी विचारलं, "गणपतभाऊ, चालेल ना?"

"मी त्याच्याशी बोलत नाई," ते म्हणाले. "कुत्र्यानं काय केलं माह्यं?" आणि वाघ्याची मान स्वतः धरून बसले.

टेबलावर शेऱ्याला रक्त चढू लागलं. लक्ष्मणभाऊ शेजारच्या बाकाच्या मधोमध बसले होते, हात शेऱ्याच्या पाठीवर. वाघ्याला घेऊन गणपतभाऊ भिंतीला टेकून उभे. बाक एकच. तासभर गणपतभाऊ कधी या पायावर, कधी त्या पायावर भार देत होते.

मग शेऱ्याच्या हिरड्यांवर जरासा रंग आला. त्याने शेपूट हलवलं, एकदाच. लक्ष्मणभाऊंनी डोळे पुसले.

गणपतभाऊ खाली वाकले आणि टेबलावरच्या कुत्र्याला म्हणाले,

"शेऱ्या, तुह्या मालकाले सांग, हातभर सरक म्हणा. माहे पाय दुखून राह्यले."

लक्ष्मणभाऊ सरकले. मग मान वर न करता म्हणाले,

"वाघ्या, तुह्या मालकाले सांग, बस म्हणा. अजून सरकतो."